सातारकर शिडाच्या होडीत बसतो तेव्हा लोक नेमके कशाला हसतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे : "माझे वय पंचेचाळीस, राहणार सातारा. लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकलो. गेल्या दिवाळीत तारकर्लीला पॅरासेलिंग आणि स्कूबा करून आलो आणि आता शिडाची होडी चालवायला रीतसर शिकावे असे मनात आहे. मित्र आणि मेहुणे म्हणतात, की अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा माणूस दर्यावर्दी व्हायला निघाला तर किनाऱ्यावर हसे होईल. खरेच हसे होते का? होत असेल तर कशामुळे, आणि ते टाळता येते का?"

होते, आणि टाळता येत नाही. माझे घर साताऱ्यात आहे आणि हंगामात मुक्काम किनाऱ्यावर असतो. तेथे मी शिडाच्या लहान होड्या चालवायला शिकवतो, त्यामुळे घाटावरून उतरलेल्या माणसाचे समुद्रावर जे काही होते ते मी जवळून पाहत आलो आहे. नवशिक्याच्या ज्या ज्या करामतीला किनाऱ्यावरचे लोक हसतात, तिच्यामागे वाऱ्याचा किंवा पाण्याचा एखादा अगदी साधा नियम असतो. तो नियम ठाऊक नसलेला माणूस लाजून गावी परततो, आणि ठाऊक असलेला माणूस इतरांबरोबर स्वतःलाही हसून घेतो व पुन्हा होडीत बसतो. म्हणून हसे कसे टाळावे हे सांगण्यापेक्षा ते कोणकोणत्या ठिकाणी होते आणि का होते, हे सविस्तर सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

मित्रांच्या टोमण्याला आधी उत्तर देऊन टाकू. १७०८ साली साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांची सरखेली, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, याच गादीच्या सेवेत रुजू झाली. म्हणजे अरबी समुद्रात इंग्रज आणि पोर्तुगीज यांची झोप उडवणाऱ्या आरमाराचे धनी घाटाच्या अलीकडे, जिथे मिठाच्या पाण्याचा थेंबही नाही, अशा गावी राहत होते. समुद्र लांब आहे ही सबब साताऱ्याने त्या काळी सांगितली नाही. मेहुण्यांना एवढे ऐकवावे आणि विषय बदलावा, कारण पुढचा प्रश्न "तुझे पूर्वज आरमारात होते का?" असा येईल आणि त्याला बहुतेकांपाशी उत्तर नसते.

साताऱ्याचा माणूस पाण्याला नवखा असतो असेही नाही. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधवून घेतला, आणि तिथे वल्हवण्याची किंवा पायडलची बोट भाड्याने घेऊन नुकतेच लग्न झालेले जोडपे गोल गोल फिरले नाही असा दिवस हंगामात जात नाही. बामणोलीहून वासोट्याला जाताना शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, पाणीही सगळ्यांनी ओलांडलेले असते. अडचण अशी की या दोन्ही ठिकाणी बोट माणसाच्या पायांवर, हातांवर किंवा इंजिनावर चालते, आणि माणूस म्हणेल तिकडे जाते. शिडाची होडी वारा परवानगी देईल तिकडे जाते. वेण्णा तलावावर पायडल मारून आलेला गृहस्थ पहिल्या दिवशी सर्वाधिक आत्मविश्वासाने होडीत चढतो आणि सर्वात आधी चक्रावतो, त्याचे कारण हेच.

आता वारा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली टोपी सांभाळत उभे राहिलेल्या माणसाला वारा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही; पण पवनचक्की वाऱ्याकडे तोंड करून मजेत फिरते, आणि शिडाच्या होडीने तेच केले तर ती जागच्या जागी थांबते. वारा जिथून येतो त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण पंचेचाळीस अंशांचा पट्टा शिडाच्या होडीला बंद असतो. त्या दिशेला जायचेच असेल तर आधी तिरपे उजवीकडे, मग नाळ (होडीचे पुढचे टोक) वाऱ्यातून फिरवून तिरपे डावीकडे, असे नागमोडी जावे लागते. एक किलोमीटर वाऱ्यावर चढायला त्यामुळे सुमारे एक किलोमीटर चारशे मीटर कापावे लागतात. किनाऱ्यावर बसलेल्या मंडळींना हे दिसते तेव्हा त्यांची खात्री पटते, की होडीतला माणूस एकतर वाट चुकलेला आहे किंवा शुद्धीवर नाही. साताऱ्याहून विद्यार्थ्याला पाहायला आलेल्या एका आजींनी मला काळजीने विचारले होते, "अहो, तो सरळ का येत नाही? रागावलाय का?"

नवशिक्या हा नागमोडी मार्ग समजून घेतो, मान डोलावतो, आणि होडीत बसल्यावर नाळ थेट धक्क्याकडे रोखतो, कारण धक्का समोर दिसत असतो आणि घाटावरच्या माणसाला समोर दिसणाऱ्या ठिकाणी सरळ जाण्याची सवय असते. होडी थांबते. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखे फडफडू लागते. काही क्षणांनी होडी हळूहळू उलटी, मागे मागे सरकू लागते. या अवस्थेत माणसे काय काय करतात ते पाहण्यासारखे असते. काही जण पुढे झुकून अंगाने हिसके देतात, जी युक्ती बंद पडलेल्या जीपमध्ये बसूनही कधी कामाला आलेली नाही. काही जण शिडाला हाताने ढकलतात. एका कंत्राटदारांनी तर शिडाकडे पाहून अत्यंत सभ्य भाषेत, पण वरच्या पट्टीत, काम सुरू करण्याची सूचना दिली होती.

यात भर घालते ते सुकाणू. लहान होडीत सुकाणूला जोडलेला दांडा असतो, त्याला आम्ही टिलर म्हणतो. तो डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते आणि उजवीकडे ढकलला की डावीकडे. वीस-पंचवीस वर्षे पोवई नाका ते बसस्थानक या रस्त्यावर स्कूटर चालवलेल्या माणसाचे हात हे मान्य करत नाहीत. पाण्यात तरंगणारा बॉया डाव्या हाताला जवळ आला की तो घाईने टिलर उजवीकडे ओढतो आणि होडी नेमाने बॉयावर जाऊन आदळते. त्यासाठी मी एक नियम पाठ करून घेतो : जिथे जायचे नाही, त्या बाजूला टिलर ढकला. संकट डावीकडे असेल तर टिलर संकटाकडे. हा नियम ऐकून पहिल्यांदा सगळे हसतात, आणि पहिल्या टकरीनंतर वहीत लिहून घेतात. गंमतीची खरी परिसीमा पुढेच आहे. होडी वाऱ्यात अडकून मागे सरकू लागली की सुकाणूचा परिणाम उलटा होतो, आणि टिलर जिकडे ढकलाल तिकडेच नाळ वळते. म्हणजे स्कूटरवाल्याची जन्मभराची सवय अखेर बरोबर ठरते, परंतु त्या वेळी होडी उलटी चाललेली असते.

शिडाच्या खालच्या कडेला जो आडवा दांडा असतो तो बूम. वारा पाठीमागून घेत जाताना होडीची मागची बाजू वाऱ्यातून फिरली की हा दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे डोक्याच्या उंचीवरून झपाट्याने जातो. अशा वेळी मान खाली घालणे एवढेच काम माणसाला असते, आणि नेमके तेच सातारा जिल्ह्यातील कित्येकांना जड जाते. कऱ्हाडकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे शिकायला आले होते. अत्यंत शिस्तीचा माणूस; पांढरा सदरा, वर लाइफ जॅकेट आणि त्यावर गांधी टोपी. मी ओरडलो, "सर, डोके खाली!" त्यांनी मान किंचितही न वाकवता माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अहो, जरा नीट सांगा." तेवढ्यात बूम येऊन गेला होता. सरांना लागले नाही, कारण त्या दिवशी वारा मंद होता आणि बूमने फक्त टोपी घेतली होती.

टोपी पाण्यात पडली आणि तरंगत निघाली. सरांनी ती परत हवी असे शांतपणे सांगितले, आणि त्या दिवशीचा उत्तम धडा तिथून सुरू झाला. माणूस पाण्यात पडला तर त्याला उचलण्याची जी रीत आहे, तीच टोपीलाही लागू पडते : आधी दूर जायचे, वळसा घालून टोपीच्या वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला, यायचे, तिथून वाऱ्याकडे तोंड करत चढायचे आणि शेवटच्या क्षणी शीड सैल सोडून होडी टोपीपाशी थांबवायची. सर पहिल्या खेपेस टोपीवरून होडी घेऊन गेले. दुसऱ्या खेपेस टोपीपासून हातभर अंतरावर थांबले, पण ते हातभर चुकीच्या बाजूला होते. किनाऱ्यावर तोपर्यंत बरीच गर्दी जमली होती आणि प्रत्येक फेरीला आरोळ्या उठत होत्या. अखेर टोपी हाती आली तेव्हा सरांनी ती पिळली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवून लगेच मान खाली घातली, कारण बूम परत येत होता. तेव्हापासून माझ्या वर्गात हा सराव टोपीनेच होतो.

उलटणे हा तर अभ्यासक्रमाचा भाग आहे, त्यामुळे त्याला अपघात म्हणू नये. प्रौढ लोक एकट्याने शिकतात ती लेझर जातीची होडी सव्वाचार मीटरच्या आसपास लांब, वजनाला जेमतेम साठ किलो, आणि तिचे मोठे शीड सात चौरस मीटरचे असते. म्हणजे बहुतेक सातारकर स्वतःच्या होडीपेक्षा वजनदार असतात, आणि कुठल्या बाजूला बसायचे ते चुकले की होडी हा हिशेब लगेच चुकता करते. वाऱ्याची झुळूक जोरात आली, होडी कलली, की खरा उपाय शिडाची दोरी सैल सोडणे हा आहे. दोरी सुटली की शिडातला वारा निघून जातो आणि होडी सरळ होते. पण घाबरलेला माणूस हातात असेल ते अधिक घट्ट धरतो. त्यामुळे ज्या दोरीने तो पडणार असतो, तीच दोरी तो शेवटपर्यंत सोडत नाही, आणि पाण्यात गेल्यावरही अभिमानाने मुठीत धरून वर येतो.

उलटलेली होडी सरळ करणे त्या मानाने सोपे आहे. तळातून खाली आलेली जी फळी असते, डॅगरबोर्ड, ती होडी आडवी पडल्यावर बाजूला आलेली असते. तिच्यावर उभे राहून होडीची कड धरून मागे झुकायचे, आणि आपल्या वजनाने होडी उभी राहते. पंचेचाळिशीतले पोट इथे प्रथमच उपयोगाला येते. लाज वाटते ती वेगळ्याच कारणाने. त्याच पाण्यात ऑप्टिमिस्ट नावाच्या, सव्वादोन मीटरहून थोड्या मोठ्या, डब्यासारख्या चौकोनी होड्यांमध्ये आठ-दहा वर्षांची मुले सराव करत असतात. तुम्ही पाण्यात गटांगळ्या खात असताना त्यांपैकी एखादी मुलगी सराईतपणे शेजारून जाते आणि वळूनही न पाहता सांगते, "काका, दोरी सोडा." ती बरोबर असते.

बोट लागण्याबद्दल प्रश्नात काही लिहिलेले नाही, आणि बहुतेक जण हा विषय टाळतात, म्हणून मीच काढतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलत आहोत, आणि होडीतल्या दोरीकडे किंवा मोबाइलकडे लागलेले डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. या दोघांच्या भांडणात पोट मध्ये पडते. इंग्रजांचा प्रसिद्ध दर्यासारंग नेल्सन यालाही बोट लागत असे, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. साताऱ्याहून गुहागरकडे येणाऱ्यांची परिस्थिती आणखी अवघड असते, कारण कुंभार्ली घाट उतरतानाच त्यांना गाडी लागलेली असते आणि समुद्र दिसण्याआधीच ते शरणागत झालेले असतात. उपाय साधे आहेत : उपाशी बसू नये, तुडुंब खाऊन बसू नये, नजर दूर क्षितिजावर ठेवावी, शक्यतो सुकाणू स्वतः हातात घ्यावे, आणि गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी घ्यावी. सांगलीच्या एका चमूने सकाळी भडंग, कच्चा कांदा आणि हिरवी मिरची असा भरभक्कम नाश्ता करून होडीत पाऊल ठेवले होते. त्यातून एक नियम सगळ्यांच्या कायमचा लक्षात राहिला : उलटी होणारच असेल तर वाऱ्याखालच्या बाजूला वाकावे. वाऱ्याच्या तोंडाशी वाकणारा माणूस आपले दुःख सगळ्यांमध्ये वाटतो.

सांगलीचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगतो. सांगलीकरांना नदीवरच्या होड्यांच्या शर्यतींची परंपरा आहे. कृष्णेच्या घाटांवर माणसांची भिंत उभी असते आणि वल्ह्यांचा ठेका चुकला तर काठावरचा अनोळखी माणूसही नावाने उद्धार करतो. त्यामुळे त्यांचे खांदे भक्कम असतात आणि पाण्याची भीती गेलेली असते. मात्र वारा पडला की ते शिडाच्या होडीत हातानेच पाणी मारू लागतात, वाट पाहणे त्यांना मानवत नाही. दुसरे म्हणजे, कुठलेही पाणी दिसले की सांगलीकर "किती फूट?" असे विचारतो, कारण पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे यावर अख्ख्या शहराची झोप अवलंबून असते. समुद्रावर हाच प्रश्न एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "कधी?"

त्या एका शब्दात भरती-ओहोटीचे सगळे शास्त्र आले. नदी एकाच दिशेने वाहते आणि चढली तर दिवसांनी उतरते. समुद्र सव्वासहा तासांच्या आसपास चढतो आणि तेवढाच वेळ उतरतो. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. हे सगळे आपण शाळेच्या भूगोलात पाठ केलेले असते. तरीही सकाळच्या ओहोटीत टणक, ओली वाळू पाहून एमएच-११ किंवा एमएच-१० ची चकचकीत गाडी थेट पाण्यापाशी नेली जाते, दारे उघडून गाणी लावली जातात, फोटो काढले जातात, आणि दुपारी तीच गाडी चाके वाळूत रुतून, बोनेटपर्यंत पाण्यात, शेजारी उभ्या असलेल्या मालकाकडे पाहत असते. किनाऱ्यावरचे ट्रॅक्टरवाले गाडीची पाटी पाहूनच दोर काढायला लागतात. होडीलाही हाच न्याय आहे. भरतीला धक्क्याशी आखूड दोरीने बांधलेली होडी ओहोटीला लोंबकळत राहते, आणि उथळ जागी नांगरलेली होडी चिखलात बसते. मग मालकाला पुढच्या भरतीपर्यंत तिच्यात बसून गंभीर चेहऱ्याने काहीतरी दुरुस्त करत असल्याचे दाखवावे लागते.

मतलई आणि खारे वारे हाही त्याच भूगोलातला धडा, आणि याचे हसे सर्वांत महाग पडते. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे नवशिक्याची होडी पाठीवर वारा घेऊन किनाऱ्यापासून सहज लांब जाते आणि त्याला वाटते, आपल्याला हे जन्मतःच येत होते. परत फिरताना तोच वारा तोंडावर असतो आणि तेव्हा नागमोडी मार्गाचा धडा सुरू होतो. दुपारी खारे वारे सुटल्यावर उलट होते. बाहेर जाणे कष्टाचे, येणे सोपे. म्हणून पहिल्या आठवड्यात मी समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहणाऱ्या हलक्या वाऱ्यातच शिकवतो. पाच ते दहा नॉटचा वारा नवशिक्याला पुरे. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला, की वारा त्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मापाच्या चौथ्या पायरीकडे, म्हणजे ११ ते १६ नॉटकडे चालला आहे असे समजावे आणि चहा प्यायला किनाऱ्यावर यावे.

तुमच्या तारकर्लीच्या अनुभवाविषयी थोडे. पॅरासेलिंग मी साहसी खेळ मानत नाही, कारण त्यात माणसाला करण्यासारखे काहीच नसते. दोर बोटीवरच्या विंचने (दोर गुंडाळण्याच्या यंत्राने) सुटतो आणि विंचनेच गुंडाळला जातो, आपण फक्त वर जाऊन आरडाओरडा करायचा आणि खाली यायचे. बनाना बोटीत तर चालक वळणावर मुद्दाम सगळ्यांना पाण्यात टाकतो, आणि त्याने टाकले नाही तर लोक पैसे परत मागतात. स्कूबाची गोष्ट निराळी. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, आणि उतरताना नाक दाबून कानांतला दाब वेळोवेळी सारखा केला नाही तर कान ठणकू लागतो. ते खरे कौशल्य आहे. परंतु घाटावरच्या माणसाचा घात दाबाने होत नाही, अंगठ्याने होतो. पाण्याखाली "सगळे ठीक" हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो, आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ "मला वर जायचे आहे" असा होतो. वर सूचना दिलेली असते, सगळ्यांनी मान डोलावलेली असते. खाली गेल्यावर रंगीत मासा दिसतो, गडी खूश होतो, आणि "एक नंबर!" म्हणून अंगठा वर करतो. मार्गदर्शक त्याला इमानेइतबारे वर घेऊन येतो. वर आल्यावर दोघेही एकमेकांना विचारतात, काय झाले? तुमचा स्कूबा अपेक्षेपेक्षा लवकर संपला असेल, तर फोटोंमध्ये तुमचा अंगठा कुठे आहे ते एकदा तपासून पाहा.

मोठमोठ्या दर्यावर्दींचे हसे झाले नाही असे समजू नका. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ या काळात जग फिरून आला आणि त्याला पोहता येत नव्हते. वाटेत अझोर्स बेटांवर मिळालेले आलुबुखार आणि चीज यांवर त्याने ताव मारला, पोटात असा मुरडा उठला की तो खाली पडून राहिला, आणि त्या गुंगीत कोलंबसच्या ताफ्यातल्या पिंटा जहाजाचा सुकाणूवाला येऊन आपली होडी चालवतो आहे असे त्याला दिसले. १९६८ च्या एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत नऊ जण उतरले आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा एकटाच ३१२ दिवसांनी ती पुरी करून परतला, तोही मुंबईत बांधलेल्या सागवानी 'सुहाइली'मधून. त्याच शर्यतीतला फ्रेंच बर्नार्ड म्वातेसिए जिंकण्याच्या बेतात असताना परत येण्याचा विचार सोडून ताहितीला निघून गेला, आणि हा निर्णय त्याने जवळून जाणाऱ्या जहाजावर गलोलीने चिठ्ठी मारून कळवला. अलीकडे गिरेक सूदे नावाच्या फ्रेंच तरुणाने मोनिक नावाची कोंबडी बरोबर घेऊन अटलांटिक ओलांडला, ग्रीनलंडच्या बर्फात हिवाळा काढला, आणि कोंबडी अंडी देत राहिली. आपल्याकडे २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने प्रदक्षिणा घातली, त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच होडीतून २०१२-१३ मध्ये ती न थांबता केली, आणि २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून जग फिरून आल्या. मित्रांनी पुन्हा छेडले तर शेवटची तीन नावे सांगा. कोंबडीचे मात्र सांगू नका, कारण त्यानंतर ते तुम्हाला तेवढेच विचारत राहतील.

हसण्याजोगे नाही असेही थोडे आहे. लाइफ जॅकेट सैल घालणे, किंवा "मला पोहता येते" म्हणून न घालणे, याला माझ्याकडे हसत नाहीत; त्या माणसाला धक्क्यावरून परत पाठवतात. विहिरीत पोहलेल्या माणसाला काठ नेहमी चार हातांवर असतो, समुद्रात नसतो. २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे समजावून सांगावे लागत नाही, ते पट्टे स्वतःच आवळून घेतात. दारू पिऊन होडीत बसणे, जमिनीकडून वारा जोरात वाहत असताना एकट्याने बाहेर जाणे आणि पावसाळ्यात धाडस दाखवणे हेही त्याच यादीत आहे. ज्या समुद्रावर जन्म काढला तिथले कोळीसुद्धा जून-जुलैत होड्या वर ओढून ठेवतात.

आता व्यवहाराचे. ऑक्टोबर ते मे हा हंगाम धरा. त्यातही दिवाळीनंतरचे महिने नवशिक्याला उत्तम. मुंबई आणि गोवा येथे रीतसर शिकवणारे क्लब आहेत. यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाशी संलग्न क्लब निवडलात तर अभ्यासक्रम आणि सुरक्षेची होडी या दोन्हींबाबत विचारपूस कमी करावी लागते. सुरक्षेची इंजिन असलेली होडी सरावाच्या वेळी पाण्यात असते का, हा प्रश्न मात्र फी विचारण्याआधी विचारा. शिवसागरासारख्या डोंगरांनी वेढलेल्या पाण्यावर शिकण्याचा मोह होईल, पण तिथे उतारांवरून येणारे झोत क्षणात दिशा बदलतात आणि ते पहिल्या धड्याचे पाणी नव्हे. कपडे लवकर वाळतील असे आणा, जीन्स आणू नका, तळव्याला पकड असणारे जुने बूट आणि दोरीसाठी हातमोजे आणा. चष्मा असेल तर तो डोक्यामागून दोरीने बांधा. समुद्राच्या तळाशी सातारा जिल्ह्यातले चष्मे पुरेसे आहेत. मोबाइल किनाऱ्यावर ठेवा, आणि तुमचे उलटणे चित्रित करण्यासाठी तो मेहुण्यांच्या हाती देऊ नका.